शत्रू दूर आहे तोवरच दूत पाठवा

सामान्य काळातील तेविसावा रविवार (वर्ष क)
वाचने : प्रज्ञाग्रंथ ९:१३-१८; फिलेमोन ९-१०, १२-१७; लूक १४:२५-३३



'तह' हा शब्द आपण वसईकर शाळेतच शिकतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी केलेला करार आपल्या गावाच्या नावाने इतिहासात गेला. पुण्याजवळ होळकरांकडून पराभव झाल्यावर पेशवे वसईला आले आणि गादी परत मिळावी म्हणून त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. त्या तहाने शांती आली नाही. १८०३ मध्येच दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले. तेव्हा कागदावर दोन सह्या झाल्या म्हणजे शांती झाली, असे निदान आपण तरी समजू नये.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका राजाचा दाखला देतो. त्याच्याजवळ दहा हजार सैन्य आहे आणि वीस हजारांचे सैन्य त्याच्यावर चालून येत आहे. शहाणा राजा आधी खाली बसतो, विचार करतो. आणि आपला निभाव लागणार नाही असे दिसले तर शत्रू अजून दूर आहे तोवरच दूत पाठवून तहाची बोलणी सुरू करतो. हा दाखला मुळात शिष्यत्वाची किंमत मोजण्याविषयी आहे. प्रभू येथे राजांना परराष्ट्रधोरण शिकवीत नाही, हे लक्षात ठेवू या. तरीही प्रभूने उदाहरण निवडले ते लढाई जिंकण्याचे नव्हे, वेळेवर दूत पाठवण्याचे. म्हणून आज अशाच एका दूताची हकिकत आपल्यापुढे ठेवीत आहे.

एकाच ख्रिस्ताच्या पायाशी दोन देश

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि चिली हे शेजारी देश. दोन्हीकडे बहुसंख्य लोक कॅथलिक, भाषाही एकच, स्पॅनिश. दोघांमध्ये अँडीज पर्वताची लांबच लांब सीमा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. १९०२ साली त्यांनी करार करून आपापल्या आरमाराची वाढ थांबवली आणि इंग्लंडच्या राजाचा सीमेविषयीचा निवाडा मान्य केला. त्याच्या स्मरणार्थ १३ मार्च १९०४ रोजी अँडीजमधल्या एका खिंडीत, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, अगदी सीमेवर तारणहार ख्रिस्ताचा भव्य पुतळा उभारण्यात आला.

पुतळा उभा राहिला, पण वाद पूर्ण मिटला नाही. खंडाच्या दक्षिण टोकाला बीगल नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या पूर्वेच्या मुखाशी पिक्टन, नुएव्हा आणि लेनॉक्स ही तीन लहान बेटे आहेत. १८८१ च्या सीमाकराराचा अर्थ दोन्ही देश आपापल्या परीने लावीत आणि बेटे आपलीच म्हणत. बेटांवर वस्ती नगण्य. खरा प्रश्न समुद्राचा होता. ज्याची बेटे, त्याचा भोवतालच्या समुद्रावर हक्क. चिलीने पॅसिफिक सोडून अटलांटिक महासागरात पाय रोवू नये, हा अर्जेंटिनाचा आग्रह होता.

१९७१ मध्ये दोघांनी हे प्रकरण लवादाकडे सोपवले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी अभ्यास केला आणि १९७७ मध्ये निकाल जाहीर झाला : तिन्ही बेटे चिलीची. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने हा निकाल आपण मानीत नसल्याचे जाहीर केले. दोन्ही देशांत तेव्हा लष्करी राजवट होती. वर्षभर बोलणी झाली, फिसकटली, आणि डिसेंबरात दोन्ही आरमारे दक्षिणेकडे निघाली. २२ डिसेंबरच्या सुमारास हल्ला करण्याची अर्जेंटिनाची तयारी पूर्ण झाली होती. नाताळ तीन दिवसांवर आला होता. गव्हाणी सजवणाऱ्या घरांतलीच मुले एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती.

सामोरे गेलेले कार्डिनल

पोप दुसरे जॉन पॉल यांची निवड होऊन त्यावेळी जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी दोन्ही सरकारांना कळवले की आपण स्वतःचा प्रतिनिधी पाठवीत आहोत. हल्ला थांबला. २६ डिसेंबर १९७८ रोजी कार्डिनल अंतोनियो सामोरे अर्जेंटिनाच्या राजधानीत उतरले. वय ७३. पूर्वी ते कोलंबियात पोपचे राजदूत होते. आता व्हॅटिकनचे ग्रंथालय आणि दप्तरखाना त्यांच्याकडे होता. त्या वयात माणूस जुन्या कागदांत रमतो. हे गृहस्थ मात्र दोन राजधान्यांमध्ये ये-जा करू लागले. त्यांचे आडनाव मराठी कानाला किती अर्थपूर्ण वाटते पाहा. संकटाला आणि माणसाला 'सामोरे' जाणे, हेच त्यांनी केले.

८ जानेवारी १९७९ रोजी तिसऱ्या देशात, उरुग्वेच्या मोंतेव्हिदेओ शहरात, दोन्ही देशांनी सह्या केल्या. बेटांचा प्रश्न त्या कागदाने सुटला नाही. पोपमहोदयांची मध्यस्थी मान्य आहे, आम्ही बळाचा वापर करणार नाही आणि फौजा पूर्वीच्या जागी नेऊ, एवढेच त्यात होते. पण घर जळत असताना प्रथम आग विझवावी लागते. भिंत कोणाची, हे नंतर पाहता येते.

येथे लवाद आणि मध्यस्थी यांतला फरक समजून घेतला पाहिजे. लवाद निकाल देतो : हा बरोबर, तो चूक. निकाल न्याय्य असला तरी हरलेल्याच्या मनात अपमान राहतो. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांचे ऐकतो, एकाचे म्हणणे दुसऱ्याला झेपेल अशा शब्दांत पोहोचवतो, आणि दोघांनाही मान खाली न घालता मागे फिरता येईल अशी वाट शोधतो. त्याच्याजवळ पोलीस नाहीत, सैन्य नाही. हा माणूस आपल्याला फसवणार नाही, हा दोघांचा विश्वास हेच त्याचे भांडवल.

आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल नेमके हेच करतो. अनेसिम हा फिलेमोनचा गुलाम. तो मालकापासून दुरावून पौलाकडे आला आहे. पौल प्रेषित आहे, त्याला आज्ञा करता आली असती. तो आज्ञा करीत नाही, विनंती करतो. फिलेमोनच्या संमतीशिवाय काही करायला तो तयार नाही. आणि अनेसिमला तो गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून परत पाठवतो. आज्ञेने फिलेमोनने दार उघडले असते. मन उघडले नसते.

सहा वर्षांची वाट

ही मध्यस्थी झटपट झाली नाही. व्हॅटिकनमध्ये बैठकांमागून बैठका झाल्या. डिसेंबर १९८० मध्ये पोपमहोदयांनी तोडगा सुचवला. चिलीने मान्य केला, अर्जेंटिनाने केला नाही. १९८१ मध्ये अर्जेंटिनाने काही काळ सीमाही बंद केली. १९८२ मध्ये त्याने फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनशी युद्ध केले आणि तो हरला. फेब्रुवारी १९८३ मध्ये कार्डिनल सामोरे देवाघरी गेले. आपल्या कष्टांचे फळ त्यांना पाहायला मिळाले नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये अर्जेंटिनात लोकशाही परत आली आणि बोलण्यांना वेग आला. कार्डिनल कासारोली यांनी काम पुढे नेले. नोव्हेंबर १९८४ मध्ये अर्जेंटिनाच्या सरकारने जनतेचा कौल घेतला, तेव्हा मत देणाऱ्या दर दहांपैकी आठांनी कराराला होकार दिला. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये शांती आणि मैत्रीच्या करारावर सह्या झाल्या. बेटे चिलीची राहिली. पण त्या बेटांच्या आधारे अटलांटिकमध्ये दूरवर हक्क सांगणे चिलीने सोडले. अर्जेंटिनाने बेटे सोडली. दोघांनी काही सोडले, म्हणून दोघांना काही मिळाले.

सर्वस्व सोडल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असे प्रभू आज सांगतो ते आपल्याला कठोर वाटते. पण 'माझे ते माझेच' असे म्हणणाऱ्याला साधा शेजारीही होता येत नाही, मग शिष्य कसा होता येईल?

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ साली शांतीविषयी लिहिताना पहिली अट घातली ती ही : पुढच्या युद्धाचे कारण मनात गुप्तपणे राखून केलेला तह हा तहच नव्हे, तो फार तर युद्धविराम. या कसोटीला १९८४ चा करार उतरला. पुढचे वाद कसे सोडवायचे याची वाट त्यातच आखून दिलेली होती. लागुना देल देसिएर्तो या भागाचा वाद लवादाकडे गेला आणि १९९४ मध्ये निकाल अर्जेंटिनाच्या बाजूने लागला, तेव्हा चिलीने नाराज होऊनही शेवटी तो पाळला. १९७८ मध्ये जे जमले नव्हते ते आता जमले. २००९ मध्ये, कराराला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षा पोप सोळावे बेनेडिक्ट यांना भेटायला एकत्र गेल्या. दोन्ही देशांना जोडणाऱ्या अँडीजमधील एका खिंडीला आज कार्डिनल सामोरे यांचे नाव आहे.

एक अवघड प्रश्न

काहीजण विचारतील, ज्या राजवटींनी स्वतःच्याच हजारो नागरिकांना छळले, गायब केले, त्यांच्याशी ख्रिस्तसभेने बोलणी करावीच का? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्याच वर्षांत अर्जेंटिनाच्या राजधानीतील मायो चौकात माता आपल्या बेपत्ता मुलांची चौकशी करीत फेऱ्या घालीत होत्या. बेटांच्या तहाने त्यांची मुले परत आली नाहीत. दोन देशांतली शांती म्हणजे देशातला न्याय नव्हे. एकाचा आनंद मानताना दुसऱ्याचे दुःख झाकले जाऊ नये.

पण बोलणे म्हणजे प्रशस्तिपत्र देणे नव्हे. युद्ध झाले असते तर मेले असते ते सेनापती नव्हेत. विशीतली पोरे मेली असती. आज ती पोरे साठीच्या पुढे आहेत आणि नातवंडे खेळवीत आहेत. केवळ चांगल्या माणसांशीच बोलायचे ठरवले, तर युद्धे थांबवायची कोणाशी बोलून? पहिले वाचन सांगते की माणसाचे विचार डळमळीत असतात आणि देवाची इच्छा त्याच्या आत्म्यावाचून कळत नाही. वाटाघाटीच्या टेबलावरही पवित्र आत्म्याला जागा लागते.

आपल्या वाडीतली बेटे

आपल्याकडे महासागर नाही, पण बांध आहे. विहिरीचा हिस्सा आहे, वडिलांच्या घराचा सातबारा आहे, वाडीतून जाणारी पायवाट आहे. दोन सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडतात. दोघांमध्ये क्रूस उभा आहे, अँडीजमधल्या पुतळ्यासारखा. पण पुतळा उभारून शांती येत नाही, हे त्या दोन देशांना चौऱ्याहत्तर वर्षांनी कळले. कोर्ट निकाल देईल, तो देशाचा कायदा आहे, त्याचा मान राखू या. पण निकालाने बांध ठरतो, भाऊ मिळत नाही.

या आठवड्यात एवढे करू या. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे अशा एकाचे नाव प्रार्थनेत घेऊ या. मग दोघांचाही विश्वास असलेले एखादे माणूस शोधू या : आत्या असेल, मामा असेल, धर्मपिता असेल, शेजारची वडीलधारी बाई असेल. त्यांना सांगू या, 'माझा एवढा निरोप पोहोचवा.' सगळा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवू नका. मोंतेव्हिदेओच्या कागदासारखे आधी एवढेच ठरवा की यापुढे शिवीगाळ नाही, हात उगारणे नाही आणि मुलांना भांडणात ओढणे नाही. बाकीच्याला वेळ लागेल. सहा वर्षेही लागतील. पण दूत आज निघू द्या. मयताच्या घरी भेट होईपर्यंत थांबू नका. तेव्हा शत्रू दूर नसतो, पण भाऊही उरलेला नसतो.

हे प्रभो येशू, तू देव आणि मानव यांच्यामधला एकमेव मध्यस्थ आहेस. राष्ट्रांच्या नेत्यांना खाली बसून विचार करण्याची बुद्धी दे. आमच्या घरांत तुझे दूत पाठव. आणि कोणाच्या घरी आम्हांलाच दूत म्हणून जायचे असेल, तर आम्हांला निघण्याचे धैर्य दे. आमेन.

आपला ख्रिस्तबंधू,
प्रमुख धर्मगुरू