राजमार्गावरील राजधर्म

धर्म हा शब्द उच्चारताच देवालय, पूजा आणि व्रतवैकल्ये आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु समाजाचे धारण करतो तो धर्म, हा अर्थ ध्यानी घेतला तर चौकातील वाहतुकीचा नियमही धर्माच्याच कक्षेत येतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो माणसांचे प्राण त्याच्या आधाराने सुरक्षित राहतात. हा नियम सामान्य माणसाने मोडला तर त्यास दंड व्हावा, याविषयी वाद नाही. नियम करणाऱ्याने अथवा तो राबविणाऱ्यानेच मोडला, तर मात्र प्रश्न उभा राहतो. त्यास जाब विचारावा काय? आणि विचारावा तर इतरांइतकाच, की अधिक?

आपल्या हैदराबाद नगरीतील एक घटना या विचारास उपयोगी पडेल. २०२१ साली २ ऑक्टोबर रोजी, म्हणजे गांधी जयंतीच्या दिवशी, लंगर हौज येथील बापू घाटाजवळ तत्कालीन मंत्री श्री. के. टी. रामाराव यांची मोटार उलट दिशेने जात असता वाहतूक पोलिसांनी ती अडविली. गांधीजींच्या अस्थींचे जेथे विसर्जन झाले, त्याच स्थानाजवळ आणि त्यांच्याच जयंतीदिनी हे घडावे, हा योग विलक्षण खरा. पुढे दंड भरला गेला, आणि मंत्रिमहोदयांनी त्या पोलीस कर्मचाऱ्यांस बोलावून त्यांचा सत्कार केला. नियम सर्वांस सारखाच, असे बोलूनही दाखविले.

या प्रसंगी दोन्ही पक्ष शोभून दिसले, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. परंतु त्याबरोबरच मनात एक शंका येते. चौकातील शिपायाने आपले नेमून दिलेले काम केले, एवढ्यासाठी त्याचा सत्कार का करावा लागावा? एखाद्या दुकानदाराची गाडी अडविली म्हणून कोणी शिपायाच्या गळ्यात हार घालीत नाही. सत्कार होतो तो धैर्याचा, आणि धैर्य लागते ते जेथे भय असेल तेथेच. मोठ्याची गाडी अडविली तर आपली बदली होईल, वरून बोलणी खावी लागतील, या भयाने कितीतरी शिपाई अशा वेळी दुसरीकडे पाहत असतील. अधिकाऱ्यास जाब विचारण्याचे पहिले कारण हेच आहे. त्याने नियम मोडला म्हणजे तो एकटाच दोषी होत नाही. हाताखालच्या माणसास तो भित्रा करतो आणि पाहणाऱ्या शेकडो लोकांस कायद्याचा अनादर शिकवितो.

आपल्या पूर्वजांनी हा विचार फार स्पष्टपणे केला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की, ज्या अपराधास सामान्य माणसाला एक कार्षापण दंड होतो, त्याच अपराधास राजाला सहस्रपट दंड व्हावा. त्याच प्रकरणात, जाणत्याने केलेली चोरी अजाणाच्या चोरीहून अधिक दंडनीय ठरविली आहे. मनुस्मृतीतील सारेच विधिनिषेध आज आपण शिरोधार्य मानीत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु अधिकार आणि ज्ञान यांनी दोषाचे ओझे हलके न होता जड होते, हे सूत्र आजही खरे आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी प्रत्यक्ष राघोबादादांस दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची परंपरा महाराष्ट्राने इतक्या आदराने जपली, ती याच कारणाने. खून आणि वाहतुकीचा गुन्हा यांची तुलना होऊ शकत नाही. तत्त्व तेवढे एक आहे.

आधुनिक कायद्यानेही हे तत्त्व अंशतः स्वीकारले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा त्यात एक नवे कलम घालण्यात आले. हा कायदा अंमलात आणण्याचा अधिकार ज्यांस आहे, त्यांनीच त्याखालील अपराध केल्यास त्यांस दुप्पट दंड व्हावा, अशी त्यात तरतूद आहे. सहस्रपट नव्हे, पण दुप्पट तरी!

तथापि दंडाची रक्कम वाढविल्याने प्रश्न सुटतो असे नाही. दंड कोणाच्या पदरचा, हे पाहिले पाहिजे. आज चौकातील कॅमेरा गाडीचे छायाचित्र टिपतो आणि चलान जाते ते गाडीच्या नोंदलेल्या मालकाच्या नावे. सरकारी गाडीचा मालक असतो सरकारी विभाग. त्या विभागाने सरकारी तिजोरीतून दंड भरला, तर सरकारच्या एका खिशातील पैसा दुसऱ्या खिशात गेला, आणि तो पैसाही मुळात करदात्यांचाच! अशा दंडाने कोणास काय बोध होणार? प्रायश्चित्त दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. उपवास यजमानाचा आणि भूक नोकराची, असे कधी झाले आहे काय?

तसाच हा भार बिचाऱ्या चालकावर ढकलणेही न्यायाचे नाही. मागे बसलेले साहेब "उशीर होतो आहे, काढ पुढे" म्हणत असतील, तर त्या चालकाने काय करावे? कर्मफलाचा विचार करताना आपल्याकडे करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा असे तिघेही वाटेकरी मानले आहेत. म्हणून ज्याच्या आज्ञेने अथवा सोयीसाठी नियम मोडला गेला, त्याने तो दंड स्वतःच्या मिळकतीतून भरावा, हेच न्याय्य होय.

यावर कोणी म्हणेल की, अधिकाऱ्यांचा वेळ मोलाचा असतो. लोककार्यासाठी थोडी सवलत का असू नये? सवलत अवश्य असावी, परंतु ती कार्यास, व्यक्तीस नव्हे. रुग्णवाहिकेला आणि अग्निशामक दलाच्या बंबाला आपण आनंदाने वाट देतो. आत कोण बसले आहे हे विचारीत नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे काढण्यात आले, त्यामागचा न्याय हाच होता. दिव्याचा मान निकडीला आहे, पदाला नाही.

येथवर वाचून आपण सर्व माना डोलवू. कारण दोष दुसऱ्याचा आहे. पण अनुमोदकांत आपली गणना होते की नाही, हेही पाहिले पाहिजे. आपल्या सभासद कुटुंबांतील काही मंडळी सरकारी सेवेत असतील, काहींचे आप्त मोठ्या हुद्द्यावर असतील. शिपायाने काचीगुड्याच्या अथवा कोठीच्या चौकात गाडी थांबविली की, "अमके साहेब आमचे मामा," असे सांगण्याचा मोह कितीजणांस आवरतो? आरतीस उशीर झाला म्हणून उलट दिशेने वाहन घालणारा भाविक आणि सभेस उशीर झाला म्हणून तेच करणारा मंत्री यांत अंतर आहे ते अधिकाराचे; वृत्ती एकच. ओळखीचा उपयोग करून दंड चुकविणारा नागरिक उद्या अधिकाऱ्यास कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

लोकशाहीत राजा कोणी एक नाही. राजधर्म सर्वांत वाटला गेला आहे. ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याच्या वाट्यास तो अधिक आला, आणि म्हणून त्याचे उत्तरदायित्वही अधिक. परंतु आपल्या वाट्याचा अंशही आपणांस टाळता येणार नाही. पुढल्या वेळी चौकात शिपायाने हात केला, तर आप्ताचे नाव न सांगता गाडी थांबवावी, चूक असेल तर दंड भरावा, आणि घरातील मुलांदेखत भरावा. त्यांतीलच एखादे उद्या अधिकारपदावर बसणार आहे.