संदेश पुढे पाठवण्यापूर्वी



१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. बरोबर वीस वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, शेजारच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात जमावाने पाच माणसांना ठार मारले. तो रविवार होता, बाजाराचा दिवस होता. मारले गेलेले पाचही जण भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढेच निमित्त झाले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होते. लोकांना वाटले, हेच ते.

मारहाण करून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेही मारले. जिथे गावाने एकत्र बसून विचार करायचा, त्याच जागी त्या दिवशी त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही.

त्या रविवारचे शुभवर्तमान कोणते होते, हे आठवून पाहा. संत मार्कने सांगितलेली याईराच्या मुलीची कथा! प्रभू येशू त्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरतो आणि तिला उठवतो. आपल्या चर्चमध्ये आपण हे ऐकत होतो त्याच दिवशी, थोड्याच अंतरावर, एका मुलीशी बोलणे हा परक्या माणसाचा गुन्हा ठरला.

त्याच शुभवर्तमानात आणखी एक प्रसंग आहे. गर्दीत एक आजारी स्त्री प्रभूच्या वस्त्राला स्पर्श करते. प्रभू थांबतो आणि मला कोणी स्पर्श केला, असे विचारतो. शिष्यांना नवल वाटते, कारण एवढ्या रेटारेटीत कोणाकोणाला विचारणार? पण प्रभू गर्दीतही एका माणसाला शोधतो, त्याचे ऐकून घेतो. जमाव नेमके हेच करीत नाही.

मोबाईल वाईट आहे असे आपण म्हणणार नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बापाचा आवाज त्याच्यामुळेच घरी ऐकू येतो. बाळंतपणाच्या वेळी रुग्णवाहिका बोलावता यावी म्हणून सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर लोक रेंज शोधत टेकडी चढले आहेत. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात वाटले गेले. कागदोपत्री ज्याची नोंद नाही त्यालाही ओळख मिळावी, असा हेतू तेव्हा सांगितला गेला. पण यंत्राने दिलेली ओळख शेजाऱ्याने मानली नाही, तर तिचा काय उपयोग? त्या पाच जणांनाही नाव होते, गाव होते, घरी वाट पाहणारी माणसे होती.

कोणी म्हणेल, आम्ही तर कोणावर हात उचलला नाही, फक्त संदेश पुढे पाठवला. प्रियजनहो, आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. ज्याची खात्री नाही ते दहा जणांना कळवणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणेच होय. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या संपर्क दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतल्या सर्पाच्या बोलण्यात दाखवले होते. पुढच्या वर्षी त्यांनी संत पौलाच्या इफिसकरांस पत्राचा आधार घेतला : आपण एकमेकांचे अवयव आहोत, म्हणून शेजाऱ्याशी खरे बोलावे. हात कधी आपल्याच डोळ्याला फसवतो का?

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा भारतात आणली. चांगले झाले. पण बोटाला मर्यादा घालता येते, मनाला कोण घालणार? ते काम आपले आहे.

ते अशक्य नाही. त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमाव एका कुटुंबावर धावून गेला. त्यांच्याबरोबर लहान मूल होते. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलिसांनी त्यांना वाचवले. अफवा तीच होती, दिवस तोच होता. फरक पडला तो एका उघडलेल्या दारामुळे.

म्हणून या आठवड्यात आपण निश्चय करू या. भीती किंवा राग पेटवणारा संदेश आला, तर हे कोणी पाहिले, केव्हा, कुठे, असे आधी विचारू. उत्तर मिळाले नाही तर तो आपल्यापाशीच थांबवू. गटात सर्वजण गप्प असले तरी, हे खरे दिसत नाही, असे एकाने तरी लिहू. गावात अनोळखी माणूस दिसला तर प्रथम त्याचे नाव विचारू, पाणी देऊ. शंका वाटली तर पोलीस पाटलांना सांगू किंवा ११२ क्रमांकावर फोन करू. आणि आपण पाठवलेली गोष्ट खोटी निघाली, तर त्याच गटात तसे मान्य करू. त्यात कमीपणा नाही. तेही प्रायश्चित्तच आहे.

हे प्रभो, गर्दीतही तू एकेकाचा चेहरा पाहिलास. आमच्या जिभेला आणि बोटांना सत्याची सवय लाव. आमेन.