मालक कोण, मुतवल्ली कोण?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही परभणीकर मोठ्या ऐटीत सांगतो. पण जर्मनीकडून खरोखर घ्यावा असा तिथल्या फुटबॉलचा एक नियम आहे. 1998 पासून तिथे क्लबच्या कंपनीत निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडे असावे लागते. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबर्ग असे अपवाद आहेत. तरी पैसेवाला आला म्हणून क्लब त्याचा होत नाही.

आपल्याकडे? मुंबई सिटी एफसी 2014 साली निघाला. 2019 मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्यातला 65 टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटी 2008 पासून अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्याकडे, म्हणून आपल्यापैकी कित्येकांना जरा जास्तच आनंद झाला. 2020-21 च्या हंगामात मुंबईने लीग शिल्ड आणि चषक दोन्ही जिंकले. पुढे लीगच अधांतरी लोंबकळली आणि डिसेंबर 2025 मध्ये ग्रुपने हिस्सा सोडला. क्लब मूळ मालकांकडे परत गेला. चाहत्यांना येताना कुणी विचारले नव्हते, जाताना कोण विचारणार?

कुणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याचा माल. तिकीट काढणारा भागीदार होत नाही. व्यवहार म्हणून खरे आहे. पण आपल्याला वक्फ ठाऊक आहे. मुतवल्ली जमीन सांभाळतो, हिशेब ठेवतो, मालक मात्र होत नाही. (काही मुतवल्ली काय करतात ते सांगायला नको!) कोलकात्याचा 1891 चा मोहामेडन स्पोर्टिंग आठवा. 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणारा हा संघ दूरदूरच्या मुसलमानांनी आपला मानला. ती अमानतच नव्हे का? गुंतवणूकदार शोधण्याची वेळ त्याच्यावरही आलीच. मालकांनीच जन्माला घातलेल्या मुंबई सिटीला हा न्याय लावणे अवघड, हे मान्य. पण पोर वाढवणाऱ्यांचा काहीच हक्क नसतो, असेही आम्हाला म्हणवत नाही.

मात्र हक्क सांगायचा तर विचारपूसही करावी लागते. 2021 मध्ये सौदीच्या सरकारी निधीने न्यूकॅसल घेतला, तेव्हा चाहते मैदानाबाहेर नाचले. कुणी डोक्याला अरबी रुमाल गुंडाळले. पत्रकार जमाल खशोगी यांच्या 2018 मधील हत्येचे काय, हा प्रश्न त्या गर्दीत कुणाला नको होता. मालक आपल्या दीनचा म्हणून आपणही तो टाळतो, हे त्याहून वाईट. न्यूकॅसलच्याच काही मोजक्या चाहत्यांनी मात्र विरोधाचा गट काढला, आणि आपल्याच संघाच्या लोकांचे बोल खाल्ले.