बंदची किंमत कोणी मोजायची?

अकोले तालुक्यातलं राजूर हे डांगाण या डोंगराळ पट्ट्यातलं बाजाराचं गाव. भंडारदऱ्याला, रतनवाडीला जाणारा माणूस इथे थांबतो, चहा घेतो, पेढे बांधून घेतो. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे, ग्रामीण रुग्णालय इथे, आठवडे बाजारही इथेच. त्यामुळे २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे बाजार थांबले तेव्हा आसपासच्या वाड्यापाड्यांची मीठमिरचीही थांबली. त्या दोन वर्षांत कोणाचं बरोबर होतं, हा वाद अजून मिटलेला नाही. खालचा संवाद मी रचलेला आहे आणि त्यातली दोन्ही माणसं कल्पनेतली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र गावोगावी बोलले गेलेले आहेत. वहिनी आशा सेविका आहे. भाऊजी तिचा चुलत दीर, एसटी स्टँडजवळ त्याची चहा-वड्याची टपरी. पुन्हा साथ आली तर काय करायचं, यावरून दोघांची जुंपली आहे.

भाऊजी : स्पष्टच सांगतो वहिनी, उद्या पुन्हा कुणी बंद पुकारला तर मी टपरी उघडी ठेवणार. गुन्हा दाखल होईल, होऊ दे.

वहिनी : आणि तुमच्याकडे चहा पिऊन गेलेल्या म्हाताऱ्याला घरी जाऊन ताप भरला तर?

भाऊजी : तर ते पाप माझ्या माथी, असंच ना? मग माझ्या पोरांच्या पोटाचं पाप कुणाच्या माथी होतं? २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला मीही थाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. एसटी थांबली तसं माझं गिऱ्हाईक संपलं. म्हटलं, दूध डेअरीला घालू. तर हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद म्हणून दुधाचा दर वीस रुपयांच्या आसपास आला. त्या जुलैत दूध उत्पादकांना रस्त्यावर उतरावं लागलं, ते तुम्हीही पाहिलंत. काजवे बघायला येणाऱ्या पर्यटकांचा हंगाम सलग दोन वर्षं बुडाला. तंबू घेतलेल्या पोरांचे हप्ते थांबले नाहीत.

वहिनी : तुमचं नुकसान मी कधी नाकारलं? पण साथ काही तुमची अडचण ऐकायला थांबत नव्हती. आपल्या डोंगरात एखाद्याला धाप लागली तर ऑक्सिजनचा बेड शोधत संगमनेर गाठायचं. बेड नसेल तर पुढे नाशिक. अशा ठिकाणी आजार गावात शिरूच न देणं, एवढाच उपाय आमच्या हातात होता.

भाऊजी : तो उपाय ठरवला कोणी? ज्याचा पगार एक तारखेला खात्यात पडतो त्याने. बंदने त्याचं काहीच जात नव्हतं.

वहिनी : माझा कुठे पगार आहे? मानधनावर घरोघर फिरणारी बाई मी. कोविडचा भत्ता महिन्याला हजार रुपये, म्हणजे रोजचे तेहतीस. १५ जून २०२१ ला राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा काय काय ऐकावं लागलं! माणसं मरताहेत आणि या बायका पैशासाठी बसल्यात. त्या दिवशी मला कळलं भाऊजी, टपरी उघडली म्हणून लोक तुम्हाला जे बोलत होते, तेच आता मला बोलताहेत. सरकारने हजाराची वाढ आणि पाचशेचा भत्ता कबूल केला, तेव्हा कुठे संप सुटला.

इथे थोडं थांबून सांगतो. साथीच्या काळातला वाद बहुतेक वेळा जिवाची काळजी असलेला आणि पैशाची काळजी असलेला, अशा दोन माणसांचा म्हणून मांडला गेला. राजूरसारख्या गावात ही वाटणी टिकत नाही. बंद पाळायला सांगणारी बाई आणि बंद मोडणारा माणूस एकाच घरातले, दोघांचं पोट हातावर. आदेश काढणारे मात्र या घरातले नव्हते.

भाऊजी : पहिल्या वर्षाचं मी सोडून देतो. तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं. २०२१ च्या ऑक्टोबरचं बोला. ४ तारखेला राज्यभर शाळा उघडल्या. ७ तारखेला घटस्थापनेच्या मुहूर्तावर देवळं उघडली. आणि त्याच ४ तारखेपासून आपल्या नगर जिल्ह्यातली ६१ गावं १३ तारखेपर्यंत बंद! का, तर गावात दहापेक्षा जास्त रुग्ण उपचाराखाली आहेत.

वहिनी : राज्याचा आकडा उतरत असताना आपल्या जिल्ह्यात रोज शेकड्यांनी नवे रुग्ण निघत होते. जिल्हाधिकाऱ्यांनी ते नुसतं बघत बसायचं?

भाऊजी : बघत बसू नये. पण त्या नियमाने काय शिकवलं ते बघा. ज्या गावाने इमानदारीने तपासण्या केल्या, त्या गावाचे रुग्ण कागदावर आले आणि त्याला कुलूप लागलं. ज्याने अंगावर काढलं, मेडिकलमधून गोळ्या आणून गप्प बसला, त्याचं गाव मोकळं. मग पुढच्या वेळी कोण नाकात काडी घालून घेईल?

वहिनी : हे मात्र खरं आहे. मी दारात उभी राहिले की आतून आवाज यायचा, ‘ताई, आमच्याकडं कुणाला काही नाही.’ आणि त्याच दाराआडून खोकला ऐकू यायचा. मी हातात ऑक्सिमीटर घेऊन उंबऱ्याबाहेर. आत कशी जाणार? आणि जाऊन काय सांगणार, की तुमचा आजार लिहिला तर गल्लीला बांबू लागतील, तुमच्या माणसाची मजुरी बुडेल, पण तरी खरं सांगा?

या एका प्रश्नाने मला फार विचार करायला लावलं. साथ आवरायची तर सगळ्यात आधी खरी माहिती हवी आणि ती माणसाच्या तोंडूनच यायची. खरं बोलणाऱ्याची चूल विझणार असेल, तर तो खोटं बोलेल. यात त्याचं अडाणीपण शोधणं अन्यायाचं आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई आपल्याकडे दयेच्या खात्यात टाकली जाते. वास्तविक मास्क आणि लस यांच्याइतकीच ती साथ रोखण्याची गोष्ट आहे. दहा दिवसांची मजुरी हमखास मिळणार असती, तर ते दार आतून उघडलं असतं.

भाऊजी : दारातून आत शिरण्यावरून आठवलं. शाळेत शिकलो होतो, प्लेगात रँडसाहेबाने गोरे सोजीर पुणेकरांच्या घरात घुसवले. १८९७ चा तोच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा आमच्यावर लावला.

वहिनी : त्याच प्लेगात, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. आजारी पोराला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणलं आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच त्या गेल्या. रोग्याला वेगळं ठेवलं पाहिजे, हे त्यांनाही पटलेलं होतं. फरक एवढाच, की वेगळं ठेवलेल्याची काळजी त्यांनी स्वतःवर घेतली.

भाऊजी : तुमच्या वहीत आमची कसली काळजी लिहिलेली होती?

वहिनी : सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं. घरात माणसं किती, अंगात ताप किती, ऑक्सिजन किती, साखर आहे का, बीपी आहे का. एका ठाकरवाडीत म्हातारीच्या बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन ९७, ताप नाही. वहीप्रमाणे घर ठणठणीत. चुलीवर तांदळाची पातळ पेज होती आणि तिच्याभोवती आश्रमशाळेतून घरी धाडलेली तीन नातवंडं. शाळेत त्यांना दोन्ही वेळचं जेवण होतं. त्यांचे आईबाप दरवर्षी भाताची कामं उरकली की नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. त्या वर्षी मार्चमध्ये हातातली कामं टाकून परत आले, ते घरीच होते. रेशनचा माणशी पाच किलो तांदूळ मिळाला, तेल-मिठाचं काय? हे सगळं डोळ्यांनी बघितलं आणि पुढच्या घरी गेले. वहीत त्याला रकाना नव्हता.

भाऊजी : मग तुम्ही माझ्याच बाजूच्या की!

वहिनी : नाही. २०२१ च्या मेमध्ये आपली आजी गेली. तेव्हा तुमची टपरी मागच्या दाराने चालू होती. मी कुठे बोलले नाही. आजार टपरीवरून आला की रोज घरोघर फिरणाऱ्या माझ्या अंगावरून, हे कधीच कळणार नाही. उपासमारीत बोट दाखवता येतं, अमक्याने काम बंद केलं म्हणून अमका उपाशी राहिला. साथीत तसं दाखवता येत नाही. म्हणून आपण प्रत्येकजण स्वतःला सोडवून घेतो.

भाऊजी : (बऱ्याच वेळाने) ते ओझं माझ्या मनावर आहे. पण टपरी बंद ठेवायला रोजचे दोनशे रुपये कोणी दिले असते, तर मी मागचं दार उघडलं असतं का? त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज सांगितलं. फेरीवाल्यांना दीड हजार. मी ग्रामपंचायतीत विचारायला गेलो. तर ते नोंदणीकृत फेरीवाल्यांना! ती नोंदणी महापालिका-नगरपालिकेत होते. रिक्षाला परवान्यावर मिळाले, वडापच्या जीपवाल्याला नाही. वाडीवर खावटी मंजूर झाली चार हजारांची, निम्मे पैसे आणि निम्म्याची मटकी, चवळी, डाळ, तेल, साखर. २०२० च्या टाळेबंदीसाठीचा तो माल पुष्कळ घरांत दुसऱ्या वर्षी पोचला.

वहिनी : गावानेही काही करायला हवं होतं. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने पथकं नेमली, घरोघर तपासलं, रुग्ण वेगळे ठेवले आणि २०२१ च्या मेमध्ये गाव कोरोनामुक्त केलं.

भाऊजी : त्यांचं कौतुकच आहे. पण तिथे गावातच पाणी, गावातच काम. आमच्या वाड्या अर्धं वर्ष परगावी राबतात. त्यांच्यासाठी पथक कुठे नेमणार, नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर?

वहिनीने कोविडने गेलेल्यांच्या वारसांचे पन्नास हजारांचे अर्ज भरून दिले असतील, तर त्यामागचा कायदा तिच्या कानावर आला असेल. टाळेबंदीचे आदेश ज्या आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली निघाले, त्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितलेले आहेत. ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर बोट ठेवलं, म्हणून मृतांच्या घरच्यांना पन्नास हजार मिळाले. त्याच कलमात, त्याच वाक्यात उपजीविकेचं साधन पुन्हा उभं करण्यासाठीच्या मदतीचाही उल्लेख आहे. टपरीवाल्याचा हक्क कायद्यात होता. बंदचा आदेश त्या कायद्यातून निघाला आणि टपरीवाल्याच्या वाट्याचे शब्द कागदावरच राहिले.

भाऊजी : समजा, पुढच्या वेळीही पैसे आलेच नाहीत. आजार मात्र आला. तर?

वहिनी : तर मी म्हणेन, तरीही बंद ठेवा.

भाऊजी : आणि मी म्हणेन, मला जमणार नाही.

वहिनी : मग मी तुमच्या दारात शिधा घेऊन येईन. एका घरापुरतं जमेल मला, शंभर घरांचं नाही जमणार.

या दोघांत निवाडा करायचाच तर माझं मत असं : साथ जोरात असताना बंद पाळावाच लागेल, इथे वहिनी बरोबर. मात्र मजुरी बुडणाऱ्याची सोय ज्या आदेशात लिहिलेली नाही तो आदेश अपुरा आहे आणि तो पाळला गेला नाही तर पहिला जाब आदेश काढणाऱ्याला विचारला पाहिजे, इथे भाऊजी बरोबर. पैसे नंतर देऊ, हे उत्तर चालणार नाही, कारण चूल रोज पेटवावी लागते.

यासाठी मुंबईकडे बघत बसायचं कारण नाही. गावात टपऱ्या किती, वडापच्या गाड्या किती, हंगामात बाहेर जाणारी कुटुंबं किती आणि ती कोणत्या गावी जातात, याची नोंदवही ग्रामपंचायतीला आज करता येते. अशी वही असती तर दीड हजार मागताना भाऊजीच्या हातात निदान एक नोंद असती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात उभं राहून विचारा : आपल्या गावात ही वही आहे का? नसेल तर त्याच सभेत ठराव मांडा आणि पहिलं नाव लिहून घ्या.