एका हंसाचा जीव आणि कळपाचा हिशेब

हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर उतरतात. नागपूरच्या हुडकेश्वरहून दुर्बीण घेऊन निघालेल्या पक्षीप्रेमींपुढे शिकारीचा प्रश्नच नसतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली आहे.

उत्तर अमेरिकेत प्रश्न उलटा झाला. शेतात सांडलेल्या मका-भातावर हिमहंस बेसुमार वाढले, हडसन उपसागराकाठची गवते मुळासकट उपटू लागले. १९९९ मध्ये अमेरिकेने त्यांची वसंतातली शिकारही खुली केली. तरी कळप कित्येक वर्षे वाढतच राहिले.

या शिकारीपाशी दोन हिशेब भिडतात: जैन अहिंसा प्रत्येक जीव मोजते, परिसंस्थाशास्त्र कळप. हिमहंसांनी उजाड केलेल्या टुंड्रावर घरटे हरवलेला दुसरा पक्षीही जीवच, म्हणून हा पेच खरा आहे. पण वाढ माणसाच्या शेतीने घडवली, तर प्रायश्चित्त हंसाने का घ्यावे?

विदर्भात तर शिकारीचा युक्तिवाद आणूच नये. इथे पाहुणे मोजके, आणि तलावांचे काठ गाळपेऱ्याच्या शेतीखाली.