दहा मात्रांची मारामारी

मराठी वृत्तपत्रांतल्या चित्रपट-परीक्षणात पार्श्वसंगीताच्या वाट्याला शेवटचं अर्धं वाक्य येतं: 'पार्श्वसंगीत प्रसंगांना साजेसं.' मारधाडपट असेल तर बहुधा तेवढंही नाही. 'मिशन इम्पॉसिबल'चे १९९६ ते २०२५ या काळातले आठ चित्रपट पडद्याकडे जरा कमी पाहून, नुसते ऐकावेत. संगीतकार बदलत राहिले, दिग्दर्शकही बरेच बदलले. तरी मालिका एकच वाटते, ती नायकाइतकीच एका लयीमुळे.

ती लय लालो शिफ्रिनची. १९६६ साली याच नावाच्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्याने ती धून बांधली. पाच ठोक्यांचं आवर्तन, दुपटीत मोजलं तर दहा, विभागणी ३-३-२-२. आमच्या सुदामा नगरात संध्याकाळी एखाद्या घरातून तबल्याच्या शिकवणीचं 'धी ना, धी धी ना' ऐकू येतं, तो झपतालही दहाचाच, पण २-३-२-३ असा. झपताल डुलत डुलत समेवर येतो. शिफ्रिनचे दोन लांब ठोके दम धरायला लावतात आणि पाठचे दोन आखूड ठोके पायाखालची जमीन ओढतात. सम आली म्हणेपर्यंत पुढचं आवर्तन सुरू. पाठलागाला याहून चांगली लय मला ठाऊक नाही.

शिफ्रिन मूळचा ब्युनॉस आयर्सचा, पॅरिसमध्ये ऑलिव्हिए मेसियाँच्या वर्गात शिकलेला. मेसियाँ हा शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तल्या १२० देशी तालांच्या यादीवर लुब्ध होता, त्यांतले कित्येक त्याने आपल्या रचनांत वापरले. आणि तो ग्रंथ लिहिला गेला तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत. म्हणून हॉलिवूडची धून मराठवाड्यातून गेली असं म्हणणं हा फुकटचा अभिमान होईल. शिफ्रिनच्या हाताशी जॅझही होतंच. पण विषम मात्रांचा धाक नसलेल्या घरात तो शिकला, एवढं नक्की.

शिफ्रिनने त्याच मालिकेसाठी आणखी एक धून केली होती, 'द प्लॉट'. ती सरळ चारांत चालणारी, लष्करी संचलनासारखी. बेत आखला जातो, माणसं आपापल्या जागी जातात, तेव्हा चार. संकट अंगावर येतं तेव्हा पाच. पुढच्या प्रत्येक संगीतकाराची परीक्षा मी इथेच घेतो: हा फरक त्याला कळला का?

डॅनी एल्फमनला १९९६ मध्ये पहिल्या चित्रपटाचं काम अगदी ऐनवेळी मिळालं; अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत बाजूला ठेवलं गेलं होतं. तरी त्याने वाद्यवृंद सावध, दबक्या पावलांचा ठेवला. त्याच वर्षी यू-टू या बँडमधल्या दोघांनी ती धून नाचण्यासाठी चारांत बसवली. ती गाजली, पण ओढ गेली. उरली ती चाल. २००० मध्ये हान्स झिमरने इलेक्ट्रिक गिटार पुढे आणून वाद्यवृंदाला मागे बसवलं. मायकेल जिआकिनोने २००६ आणि २०११ मध्ये व्हायोलिन-ब्रासचा जुना रुबाब परत आणला. २०११ मध्ये कथा मुंबईत येते, तिथे भारतीय रंग मात्र त्याने पर्यटकाच्या हाताने लावला आहे.

माझ्या मते सर्वांत शहाणा जो क्रेमर. २०१५ च्या 'रोग नेशन'मध्ये त्याने १९६६ साली उपलब्ध असतील तेवढीच वाद्यं घ्यायची असं ठरवलं. व्हिएन्नाच्या ऑपेरागृहातल्या प्रसंगात रंगमंचावर पुच्चिनीचा 'तुरांदोत' चालू असतो आणि वर दिव्यांच्या सापळ्यात हाणामारी. तिथे ऑपेराच पार्श्वसंगीत होतो. मग त्याच ऑपेरातली एक सुरावट इल्सा या पात्राबरोबर चित्रपटभर फिरते. उसनी सुरावट पात्राच्या इतकी अंगची करणं अवघड असतं. २०१८ मध्ये लॉर्न बाल्फ आला तो झिमरच्या तालमीतून, बोंगो आणि जाड थरांचा आवाज घेऊन. थिएटरात छाती हादरते. पण इतक्या वजनाखाली ३-३-२-२ मधली फट बुजते, आणि सगळी गंमत त्या फटीतच होती.

आपल्याकडे बाजीराव सिंघम हा मराठी पोलीस अधिकारी हिंदी मारधाड-मालिकेचा नायक झाला. २०११ च्या 'सिंघम'ची गाणी अजय-अतुलची, पार्श्वसंगीत अमर मोहिले यांचं; २०२४ च्या 'सिंघम अगेन'ला रवी बसरूर आले. नायकाच्या नावाचा पुकारा टिकला, आणि तो चारांतच गर्जतो. वाद्यवृंद परवडत नाही ही सबब २०१६ च्या 'सैराट'नंतर तरी द्यायला नको. त्याच्या गाण्यांसाठीचा सिंफनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला. झपताल आणि रूपक तर नाट्यसंगीतापासून श्रोत्यांच्या कानात आहेत. तरी नायक गाडीतून उतरताना आपल्या संगीतकाराला चारच मात्रा का आठवतात, याचं उत्तर प्रेक्षकाच्या कानापेक्षा निर्मात्याच्या भीतीत शोधावं लागेल, असा माझा संशय आहे.