उपहासाची मर्यादा

दोषाला हसण्याचा अधिकार सर्वांना आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तो दोष नाहीसा झाल्यावरही हसू थांबत नसेल, तर त्या हसण्यास काय म्हणावे?

अठराव्या शतकात पॅरिसचा रू सँ-झाक हा रस्ता मुद्रित चित्रांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होता. १७७४ साली मारी आंत्वानेत राणी झाली, आणि ‘पूफ’ नावाच्या उत्तुंग केशरचनेचे वेड उच्चकुलीन स्त्रियांत पसरले. उपहासचित्रकारांना विषयांची वाण पडली नाही. शिडीवर चढून केस सजविणारा केशभूषाकार आणि त्या मनोऱ्यापुढे हतबुद्ध झालेला प्रियाराधक पाहून आजही हसू आवरत नाही.

ते वेड उपहासास पात्र होतेच. त्या वर्षी राजाने देवीची टोचणी करून घेतली, तर तिचे स्मारक केसांत उभारले गेले. १७७८ साली ‘बेल पूल’ ही युद्धनौका इंग्रजांशी झुंजली, तर शिडांसकट जहाजच मस्तकावर मिरवू लागले. या डोलाऱ्यावर पिष्टाची पूड उधळीत. १७७५ मध्ये पावाच्या महागाईमुळे दंगे उसळले असता डोक्यावर धान्याची पूड मिरविणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. राणीच्या आईनेही त्याच वर्षी व्हिएन्नाहून पत्र लिहून तिची कानउघाडणी केली होती.

परंतु उपहासाला चेहरा लागतो. अन्यायी करपद्धतीचे चित्र काढणे कठीण. केसांचे काढणे सोपे. पुरुषही केसांना पूड लावीतच. तरी हसू मुख्यतः स्त्रीच्या मस्तकावर, आणि हळूहळू एकाच स्त्रीच्या मस्तकावर, येऊन स्थिरावले. पुढे राणीने साधेपणा पत्करला. १७८३ साली चित्रकर्त्री व्हिजे ल ब्रँ हिने तिचे साध्या मलमलीच्या झग्यातील चित्र प्रदर्शनात मांडले. तेव्हा, हा वेष राणीला शोभत नाही, असा गहजब झाला आणि ते चित्र काढून घ्यावे लागले. डामडौल केला तरी दोष, सोडला तरी दोष! येथे उपहासाने सुधारणेचे काम सोडून द्वेषाची चाकरी पत्करली, असे आम्हांस वाटते.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या राणीचे एक रेखाचित्र दाव्हिद याने काढले. हात मागे बांधलेले, टोपीखाली कापलेले केस. राणी निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. किंवा उपहासचित्रांनीच तिचा जीव घेतला, असेही नाही. परंतु माणसाला वर्षानुवर्षे केवळ हास्यास्पद वस्तू म्हणून पाहण्याची सवय जडली, की त्याची वेदना डोळ्यांना दिसेनाशी होते.

बदलीच्या नव्या गावी परक्याच्या पागोट्याला हसताना आपणही एवढे तपासून पाहावे: आपण पागोट्याला हसतो आहोत, की त्याखालच्या माणसाला?